टाकी भरलेली होती

बाबा,

मंगळवारी कुरिअरनं आलं ते असं. वीतभर काळी रबरी नळी, एकशे साठ रुपये. बोटाच्या पेराएवढी तेल गाळायची जाळी, दोनशे दहा. रबरी कड्यांचं पाकीट, नव्वद; लागणार होत्या दोन, आल्या दहा, सुट्या कुणी देत नाही. एक बारीक स्प्रिंग आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन पोलादी गोळ्या, सत्तर. आणायचे ऐंशी वेगळे. सगळे मिळून सहाशे दहा. मी खर्चाच्या वहीत लिहिलं आणि ‘कशासाठी’ हा रकाना कोरा ठेवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. तुमच्या जावयांनी चष्मा लावून ते पान पाहिलं. त्यांचं आयुष्य कंपनीत पॅकिंग खात्यात गेलं, कोऱ्या रकान्याचा त्यांना फार त्रास होतो. म्हणाले, “हे कशाचं?” मी म्हटलं, “तेलाचं.” म्हणाले, “एवढ्यात शेंगदाण्याचं तीन किलो आलं असतं.” मी म्हटलं, “हे खायचं तेल नाही.” मग त्यांच्या लक्षात आलं. “अजून तेच का? आता पोलिसात तेवढं जायचं राहिलं तुझं.” ते हसत नव्हते. मीही हसले नाही.

तुमचं लाकूड कापायचं मशीन माझ्याकडे आहे, बाबा. सुप्याला, आमच्या घरात, कपाटाशेजारी, खाली जुना पेपर घालून. गोऱ्या साहेबांनी परत जाताना मिशनला ठेवलेलं ते केशरी मशीन. बिघडल्यावर नव्या साहेबांनी तुम्हालाच देऊन टाकलं, तरी तुम्ही शेवटपर्यंत त्याला ‘साहेबाचं’च म्हणत राहिलात. नाताळ झाल्यावर धाकट्याचा फोन आला. कंपाउंडातल्या आपल्या जुन्या खोल्या उतरवायला काढल्यात, सामान शेवगावला हलवतोय, म्हणाला. “ताई, बाबांची मशीन भंगारात देऊ का? अकरा किलो भरतीय.” मी म्हटलं, देऊ नकोस. “व्हय, तुझा तिच्यावर जीव. तूच तर तिला तेल पाजलं हुतंस,” म्हणाला आणि हसला. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं गेले, मशीन गोणपाटात बांधलं आणि मांडीवर घेऊन नगरमार्गे परत आले. कंडक्टरनं विचारलं, “मावशी, काय हाय त्यात?” मी म्हटलं, “वडिलांचं सामान.” त्यानं सामानाचं तिकीट लावलं नाही.

धाकट्याचा तो विनोद किती जुना आहे हे तुम्हाला सांगायला नको, कारण तो तुम्ही सुरू केलात. माझ्या हळदीला काकू म्हणाल्या, तेल दुसऱ्या कुणाच्या हातात द्या, हिच्या नको. सासरी पहिल्याच महिन्यात ती गोष्ट पोचली. दाराची बिजागरी करकरली तरी तेच, भाजीवर तर्री कमी दिसली तरी तेच. धाकट्याच्या मुलांनासुद्धा ठाऊक आहे: आत्या तेल भरायला विसरली, मशीन जळालं, आजोबांचं काम गेलं. तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि गोष्ट अजून ठणठणीत आहे. मी दर रविवारी देवळात उभी राहून इतरांना क्षमा केल्याचं म्हणते. या एका बाबतीत म्हणते आणि करत नाही. देवाला ते ठाऊक आहे. तुम्हालाही असू द्या.

आता कामाचं. तुम्हाला शिकवायला नाही लिहीत, मला एकदा सगळं ओळीनं मांडायचं आहे. साखळी पट्टीवरून कोरडी फिरली तर दोन्ही जळतात. म्हणून त्या मशीनला पेट्रोलची एक टाकी आणि तेलाची दुसरी. हल्लीच्या मशीनमध्ये तेल आपोआप जातं म्हणे. साहेबाच्या मशीनला उजव्या अंगठ्याखाली दट्ट्या होता. कापता कापता तुम्ही तो दर चार-पाच श्वासांनी दाबायचा, की पिचकारीसारखं तेल टाकीतून ओढलं जाऊन साखळीवर पडायचं. तुम्हीच मला सांगितलं होतं, “अंगठ्याला कळतं, पोरी. तेल असलं की दट्ट्या जड जातो. हवा असली की फुसका.” मी नववीत होते. गोरे साहेब तुम्हाला दोन माणसं देत, नव्या साहेबांनी ती काढून घेतली, म्हणून सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला न्यायला लागलात. पेट्रोल मी भरायचं, तेल मी भरायचं. तेल विकतचं नाही. मिशनच्या जीपचं उतरवलेलं काळं तेल, आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा चार पदरी करून मी गाळायची. खोल्यांच्या मागे, उन्हात, दोन-दोन दिवस. मिशनचा पैसा म्हणजे देवाचा पैसा, तो तेलात घालायचा नाही, असं तुमचं म्हणणं, आणि ते मला पटायचं. अजूनही पटतं. मी आजही भजी तळलेलं तेल गाळून ठेवते.

आणि तुम्ही मला वही दिलीत. लाल पुठ्ठ्याची, नवी कोरी. तुमच्या हातून मिळालेली एवढी एकच नवी वस्तू मला आठवते, बाकी सगळं कुणाचं तरी वापरलेलं असायचं. मधे रेघ मारून तुम्ही वर लिहिलंत, डावीकडे पेट्रोल, उजवीकडे तेल. “पेट्रोलची टाकी संपली की तेलाची पण संपत आली पाहिजे. दोन बहिणी हायेत. एक मागं राहिली की समजायचं काहीतरी बिघाड हाय.” हे वाक्य तुमचं आहे, बाबा. माझ्या हिशेबाच्या सगळ्या वह्या त्या वहीच्या पोटातून निघाल्यात. ती अजून माझ्याकडे आहे, ट्रंकेत तळाला.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात दवाखान्यामागची चिंच कापायची होती. चिंचेचं लाकूड म्हणजे दगड. पंधरा दिवस आधीपासून तुम्ही तिच्या फांद्या उतरवत होता आणि वहीत उजवीकडचा आकडा खाली खाली जात होता. पेट्रोल एक टाकी, तेल पाऊण. पेट्रोल एक, तेल अर्धी. पेट्रोल एक, तेल पाव. मी तुम्हाला ते वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, देवाची कृपा, बचत होतीय. नव्या साहेबांना पण सांगितलंत, पोरगी लई काटकसरीनं तेल वापरती. साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली होती. त्या मानेच्या हलण्यावर मी चार दिवस जगले.

मग तो दिवस. सगळं कंपाउंड जमलेलं आहे. पाळकसाहेब आहेत, नवे साहेब खुर्ची टाकून बसलेत, वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई पदरानं वारा घेतायत. तुम्ही बुंध्याला मशीन लावता. सकाळीच मी दोन्ही टाक्या भरल्यात. तेलाच्या टाकीत थेंबभरच मावलं, कारण ती आधीच भरलेली होती, आणि मला वाटलं, किती छान. तुम्ही अर्ध्यापर्यंत जाता. मग वास येतो, तव्यावर काही राहिल्यासारखा. धूर. पट्टी आधी पिवळी, मग निळी पडते. साखळी किंचाळून अडकते आणि मशीन बंद पडतं. तुम्ही ते खाली ठेवता आणि माझ्याकडे वळता.

“तेल भरलं हुतं का?”

“भरलंय, बाबा.”

“खोटं बोलू नगंस.”

“टाकी भरलेली हाय. झाकण उघडून बघा की.”

मी झाकणापाशी बसले. हात पुढे केला. तुम्ही तुमचा तळहात झाकणावर ठेवलात. जोरात नाही, नुसता ठेवलात, मूल झोपलेलं असावं तसा. आणि साहेबांकडे पाहून म्हणालात, “पोरीची जात, साहेब. इसारली तेल भरायचं.”

एवढंच. मारलं नाहीत, ओरडला नाहीत. पुढच्या आठवड्यात चिंच कापायला बाहेरचा ठेकेदार आला, महिन्याभरात लाकडाचं सगळंच काम त्याच्याकडे गेलं आणि तुम्हाला फाटकावर बसवलं. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, नगरच्या आयटीआयला मुलीही घेतात. तुम्ही स्वतः जाऊन अर्ज आणला होता. तो कोनाड्यात होता. मी विचारलं, बाबा, अर्ज भरायचा का? तुम्ही म्हणालात, “जिला तेल भरता येत न्हाई ती मशीनं काय शिकणार?” अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूवर आईनं दुधाचा हिशेब मांडला. कागद चांगला जाड होता, दोन महिने पुरला.

आता मी काय केलं ते ऐका. पट्टी आणि साखळी उतरवली. पट्टीला तेल यायचं एक भोक असतं, ते भुशानं बुजलं असेल तर बिघाड तिथंच, म्हणून आधी ते बघितलं. दाभणानं कोरलं. थोडा भुसा निघाला, पण भोक बंद नव्हतं. मग दट्ट्या दाबला. तो आत गेला आणि तिथंच बसला. डिझेलमध्ये फडकं भिजवून दोन दिवस गुंडाळून ठेवलं, तेव्हा सुटला. त्याच्यावरची रबरी कडी शिळ्या डाळीसारखी कडक झाली होती, चिमटीत धरली तर तुकडे. हे सगळं इतक्या वर्षांनी होणारच, त्यात कुणाचा दोष नाही. मी ते कागदावर वेगळं लिहिलं: वयानं झालेलं. दुसऱ्या बाजूला लिहिलं: त्या दिवशीचं. त्या बाजूला अजून काही नव्हतं.

मग तेलाच्या टाकीचं झाकण. ते फिरेना. मी ते हायवेजवळच्या लेथवाल्याकडे नेलं. माणूस चांगला आहे, पण बोलतो फार.

“मावशी, हे शिलाई मशीन न्हाई.”

“मला दिसतंय.”

“विकायचंय का?”

“नाही.”

“मग चालवायचंय?”

“नाही.”

“मग करायचंय काय?”

“दट्ट्या दाबला की तेल आलं पाहिजे.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “इंजिन बंद, साखळी न्हाई, आन् तुमाला तेल पायजे. सून-बिन हाय का घरात तेल लपवणारी?” मी म्हटलं, “तू झाकण फिरव.” त्यानं कापड लावून पान्यानं हळूच फिरवलं. मी त्याला म्हटलं, “उघडू नकोस. सैल झालं ना? बस्स.” त्याला वाटलं म्हातारी चळली. पैसे मात्र बरोबर घेतले.

घरी आणून मी आंघोळ केली, प्रार्थना केली आणि मग ते झाकण उघडलं. तुमच्या जावयांना मुद्दाम समोर बसवलं होतं, साक्षीला. म्हटलं, तुम्ही बघा आणि काय दिसतं ते सांगा. त्यांनी बॅटरी मारली. चष्मा पुसून पुन्हा वाकून पाहिलं. मग म्हणाले, “काकवीसारखं काहीतरी आहे. गळ्यापासून बोटभर खाली.”

टाकी भरलेली होती, बाबा. तुम्ही तळहात ठेवलात त्या दिवसापासून कुणी ते झाकण उघडलं नव्हतं. तुम्हीही नाही. बिघडलेलं मशीन माणूस उघडून बघतो. तुम्ही तर कुलूप बिघडलं तरी त्याच्या पोटात शिरायचा. हे तुम्ही पलंगाखाली सरकवलंत आणि वर गोधडी सोडलीत. मी लहान होते, मला वाटायचं तुम्हाला ते बघून वाईट वाटतं. आता मला वाटतं की टाकीत काय आहे हे तुम्हाला माहीत होतं.

ते तेल मी काढलं. चमच्यानं काढावं लागलं. डिझेल घालून पातळ केलं आणि पांढऱ्या कापडातून गाळलं. कापडावर वाळू नाही, कचरा नाही, चिमूटभर काजळी फक्त. माझं गाळणं चोख होतं. म्हणजे मी तेल भरलं होतं, आणि चांगलं भरलं होतं. मग ते वर का गेलं नाही? टाकीच्या तळाशी नळीचं तोंड असतं, त्याला जाळी. मी क्रोशाच्या सुईनं ते तोंड ओढून बाहेर काढलं. आणि जाळी नव्हतीच. तिथं खाकी कापड होतं. चार पदरी, वर दोऱ्यानं बांधलेलं, दोऱ्याला मेण लावलेलं. देवळातल्या मेणबत्त्यांचे बुडखे तुम्ही गोळा करून ठेवायचा, दोऱ्याला लावायला. गाठ तुमचीच, ती उलटी आडवी, जिला आई ‘तुमच्या बाबांची हट्टी गाठ’ म्हणायची. मूळ जाळी फाटली असणार. नवी आणायची तर पुण्याला माणूस पाठवावा लागता, मिशनचा पैसा लागता. म्हणून तुम्ही तुमच्या जुन्या शर्टाचा खिसा फाडून बांधलात. एक पदर पुरला असता. तुम्ही चार बांधलेत, देवाचं मशीन म्हणून. काजळीनं ते हळूहळू मेणकापडासारखं झालं. मी कापलं, तर आतला पदर अजून खाकी होता.

पाऊण, अर्धी, पाव. वहीतले आकडे ते कापड बुजत गेल्याचे आकडे आहेत. दोन बहिणींमधली एक मागं राहत होती, आणि आपल्या घरात त्याला देवाची कृपा म्हटलं गेलं.

पण अंगठ्याचं काय? दट्ट्या फुसका जात होता पंधरा दिवस. तुमच्या अंगठ्याला कळायला हवं होतं.

याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. त्या वर्षी थंडीत एका संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी जेवायला बसला होता. आईनं तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी तुमच्या ताटात टाकली. तुम्ही ती मोडली, वाफ सुटली, आणि तुमचा उजवा अंगठा त्या वाफेत तसाच राहिला. तुम्ही माझ्याशी बोलत होता, परीक्षेचं काहीतरी विचारत होता, आणि अंगठा वाफेत. तो खडूसारखा पांढरा होता. मी बघत होते. तुम्ही भाकरी खाल्लीत, मग अंगठ्याकडे नजर गेली, तेव्हा हात पाठीमागे घेतलात. तुम्ही उठल्यावर आई म्हणाली, “बोलू नगंस कुठं. मशीन धरून धरून मेलाय तो. साहेबाला कळलं तर काम जाईल.” त्यानंतर रविवारी तुमच्या शर्टाचं गळ्याचं बटण मी लावायला लागले. तुम्ही मान वर करून छताकडे बघत उभे राहायचा. मला वाटायचं, देवाकडे बघताय.

म्हणून त्या दिवशी चिंचेपाशी, साहेब, पाळकसाहेब, स्वयंपाकीणबाई, सगळ्यांसमोर, मला एक वाक्य बोलता आलं असतं. माझ्या बाबांना अंगठ्यात काही लागत नाही. एवढंच. माझी सुटका होती त्यात. मी सोळा वर्षांची होते, मला ते वाक्य जिभेवर आलेलं आठवतं, त्याची चव आठवते. मी गिळलं. तुम्ही मला विकलंत आणि मी तुम्हाला विकलं नाही. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, तुमच्या जावयांनाही नाही. आता लिहिलं. बोलायचं म्हणून नाही, बरोबर जागी नोंद असावी म्हणून.

मंगळवारी सामान आलं, बुधवारी मी जोडलं. नळी भोकातून आत जाईना, तेव्हा गरम पाण्यात बुडवून मऊ केली, साबण लावला, मग गेली. जाळी बसली. कडी बसली. नवं तेल घातलं आणि दट्ट्या दाबला. काही नाही. पन्नास वेळा दाबला. फुसका. तुमच्या जावयांनी पेपराआडून विचारलं, “आलं का?” मी म्हटलं, “येईल.” त्या एका दुपारी मला भीती वाटली, बाबा. वाटलं, माझ्या हातातच काही नाही, आणि तुम्ही म्हणालात ते खरं. मग मी पुन्हा सगळं उलगडून चटईवर ओळीनं मांडलं. चूक सापडली. स्प्रिंग आधी घातली होती आणि गोळी नंतर. गोळीनं भोक झाकायचं आणि स्प्रिंगनं तिला मागून रेटायचं, म्हणजे ओढलेलं तेल परत खाली जात नाही. मी उलटं केलं होतं. ही चूक माझी. ती मी कागदावर लिहिली, खाली माझं नाव घातलं. चूक कबूल करायला एवढाच वेळ लागतो. परत जोडलं, नळीत आधीच तेल भरून घेतलं आणि दाबलं. तेराव्या वेळी दट्ट्या जड गेला. माझ्या अंगठ्याला कळलं. मी खाली बघायच्या आधी कळलं.

आज रविवार. उपासनेनंतर धाकटा आणि वहिनी शेवगावहून आले, जेवायला बोलावलं होतं. मी ताटं वाढायच्या आधी मशीन बाहेर आणून चटईवर ठेवलं, खाली बाजाराची तपकिरी कागदी पिशवी फाडून पसरली. धाकटा म्हणाला, “ताई, तू काय झाडं तोडायला निघालीस का ह्या वयात? चालू तरी होती का?”

“इंजिन चालत नाही.”

“मग नुसत्या तेलाचं काय करती?”

“इंजिनाचा आळ माझ्यावर नव्हता.”

मी त्याला जवळ बसवलं. ते खाकी कापड दाखवलं, त्यानं गाठ लगेच ओळखली. जुनं तेल बरणीत ठेवलं होतं, ते दाखवलं. तुमच्या जावयांनी सांगितलं, “मी समोर होतो. टाकी भरलेली होती.” ते माझ्या बाजूनं बोलले हे मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते पॅकिंगचा माल मोजावा तसं बोलले, त्यामुळे जास्त बरं वाटलं. मग मी लाल वही उघडून ते पान धरलं. एक, पाऊण. एक, अर्धी. एक, पाव. शेवटी धाकट्याला म्हटलं, “दाब.” त्यानं दट्ट्या दाबला. तपकिरी कागदावर तेलाचा थेंब पडला. पुन्हा दाबला. पुन्हा पडला. त्यानं सात-आठ वेळा दाबला, थांबेचना, साठीला टेकलेला माणूस.

मग म्हणाला, “जड जातोय की गं. मग बाबांच्या हाताला कळलं कसं न्हाई?”

सगळे माझ्याकडे बघत होते. वाक्य परत जिभेवर आलं, तेच, तीच चव. मी म्हटलं, “आमटी गार होतीय. हात धुवा.”

जेवताना वहिनी धाकट्याला म्हणाल्या, “आता चिडवायला दुसरं काहीतरी शोधा. हे संपलं.” धाकटा भाकरी मोडत होता. म्हणाला, “पोरांना सांगतो घरी गेल्यावर.” एवढंच म्हणाला. ते पुरे आहे. ते चार वाजताच्या गाडीनं गेले आणि मी लिहायला बसले.

तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही. तुम्ही फाटकावर बसून आयुष्य काढलंत, ते मी पाहिलं, पण मीही कुणाच्या तरी विनोदात आयुष्य काढलं, आणि मला बसायला फाटकही नव्हतं. मशीन मी भंगारात देणार नाही, धाकट्यालाही देणार नाही. दर महिन्याला पहिल्या तारखेला दट्ट्या दाबून बघणार आहे. कोरा रकानाही आता भरला. लिहिलं आहे: ‘माझ्यासाठी.’

एक राहिलं. वर मी लिहिलं की आकडे वाचल्यावर तुम्ही म्हणालात, देवाची कृपा, बचत होतीय. तुम्ही तसं म्हणाला नव्हता. तुम्ही कपाळाला आठी घालून पानाकडे बघत होता, आणि आता मला वाटतं, दोन बहिणींची तुम्हाला आठवण होत होती. म्हणाले मी. मला शाबासकी हवी होती. पानाच्या समासात लाल पेन्सिलीनं ‘बचत, देवाची कृपा’ असं लिहिलेलं आहे, खाली दोन रेघा ओढलेल्या. अक्षर माझं आहे. आज धाकट्याला पान दाखवताना समासावर मी माझा अंगठा ठेवला होता. जोरात नाही. नुसता ठेवला होता.

माझं मी लिहिलं, बाबा. हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते लाल वहीतच राहील, त्या पानाशी. तुमच्याकडून मला पान-दोन पानं नकोत. टाकी भरलेली होती, एवढी एक ओळ तुमच्या हातची. अंगठा चालत नसेल तर कुणाकडून तरी लिहवून घ्या, पण उलट टपाली कळवा.